रुंद होत गेलेला भांग

दुकानात तिला सगळे टाचणी म्हणायचे. कपड्यांचं मोठं दुकान, वर मजल्यांवर मजले, आणि तळघरात आमची आल्टरेशनची खोली. शिलाईची मशिनं, कडा बांधायचं एक ओव्हरलॉक, कापायचं लांब टेबल आणि कोपऱ्यात माझी वाफेची इस्त्री. गिऱ्हाइकानं वर कपडा पसंत केला की कमरेत घ्यायचा, उंची कमी करायची, खांदा उतरवायचा ही कामं खाली आमच्याकडे यायची. पण माप घ्यायला कुणाला तरी वर जावं लागे, आणि ते काम तिचं. ओठांत टाचण्या धरून ती गिऱ्हाइकाच्या पायाशी गुडघ्यांवर बसायची आणि गोल सरकत सरकत घेर टाचत जायची. तोंडात टाचण्या असतानाही तिला "ताठ उभ्या राहा" आणि "श्वास सोडा" एवढं बोलता यायचं. आजवर एकही गिळलेली नाही, असं ती मोठ्या दिमाखात सांगायची. मी इस्त्रीवर, म्हणून मला ती वाफारा म्हणे. सर्दी झाली की माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "सोड गं थोडी वाफ, नाक चोंदलंय."

पुढचं जे सांगते आहे त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं. घरातलं तिनं मला डबा खाताना सांगितलं, तुकड्यातुकड्यानं.

तेव्हा तिनं चाळिशी नुकतीच ओलांडली होती. घरी नवरा, तो बेकरीची व्हॅन चालवायचा, आणि कॉलेजात जाणारी मुलगी. म्हातारी आई धाकट्या बहिणीकडे राहायची, दोन गल्ल्या सोडून. केसांविषयी टाचणी कधी बोलल्याचं मला आठवत नाही. सकाळी विंचरायचे, मागे रबर लावायचं, संपला विषय. दिवसभर दुसऱ्यांची उंची, कंबर, पाठ बघणाऱ्या बाईला स्वतःकडे बघायला वेळ नव्हता आणि हौसही नव्हती.

एके दिवशी ती एका बाईंच्या कोटाची उंची टाचत होती. बाईंबरोबर त्यांची लहानगी होती, शाळेत नुकती जायला लागलेली. ती बाजूच्या स्टुलावर चढून उभी राहिली होती. टाचणी खाली बसलेली, त्यामुळे तिचं डोकं त्या पोरीच्या बरोबर समोर आलं. पोरगी म्हणाली, "आई, या मावशींच्या केसांतून डोकं दिसतंय."

बाई ओशाळल्या. "असं बोलू नये," असं काहीतरी पुटपुटल्या. टाचणीनं घेर पुरा केला, उठली, मागे सरून कोट बघितला आणि मान हलवली. तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं, उत्तर द्यावं लागलं नाही, असं ती मला नंतर म्हणाली.

बाई गेल्यावर तिनं ट्रायल रूमचा पडदा ओढून घेतला. तिथे तीन बाजूंना आरसे आणि वर पांढरेशुभ्र दिवे होते. तिनं मान खाली घातली आणि तिरप्या नजरेनं बाजूच्या आरशात पाहिलं. भांग म्हणून जी बारीक रेघ तिला ठाऊक होती, ती आता रेघ राहिली नव्हती. कपाळाच्या जरा मागून सुरू होऊन ती टाळूकडे पसरत गेली होती, आणि दिव्याचा उजेड थेट कातडीवर चकाकत होता. कपाळावरची केसांची ओळ मात्र जिथल्या तिथे. रोज समोरून आरशात बघणाऱ्या माणसाला काही कळायचं कारणच नव्हतं.

खाली आली ती सरळ माझ्या टेबलापाशी. मान वाकवली. "बघ."

मी बघितलं. म्हटलं, "जरा विरळ झालेत."

"जरा?"

"जरा जास्त."

ती मशिनवर जाऊन बसली आणि राहिलेली शिलाई पुढे ओढली.

तिथून ती कारण शोधायला लागली. कारणं सांगणारे काही कमी नव्हते. नवरा म्हणाला, टाकीचं पाणी खराब आहे. धाकटी बहीण म्हणाली, तू विचार फार करतेस. पार्लरवाली म्हणाली, रबर घट्ट बांधता म्हणून. औषधाच्या दुकानातल्या माणसानं एक तेल दिलं, त्याचा वास असा की आमच्या खोलीतल्या कपड्यांना लागेल म्हणून मी तिला लांब बसवायचे. मग ती धुतले की गळतात म्हणून केस धुवेनाशी झाली. मग कुणीतरी सांगितलं की न धुतल्यानं गळतात, म्हणून रोज धुवायला लागली. कांद्याचा रस झाला. कसली तरी लाल भुकटी झाली, तिच्यामुळे टाळूची आग होऊन कातडी सोलली गेली. आठवडाभर तिला उशीवर डोकं टेकवता येईना. आणि प्रत्येक उपायानंतर एक नवा पश्चात्ताप. हे आधी केलं असतं तर, ते केलं नसतं तर. जणू केस तिच्याच कुठल्या तरी चुकीची वाट बघत बसले होते.

नवरा भला माणूस होता, पण त्याच्या जिभेला ब्रेक नव्हता. एकदा न्हाणीतून ती बाहेर आली तेव्हा तो म्हणाला, "एक बरं झालं, शाम्पूची बाटली आता वर्षभर पुरेल." मुलगी हसली, तीही हसली. त्या दिवसापासून ती दार लावून विंचरायला लागली. केस वाळेपर्यंत बाहेर येत नसे. त्याला ते कळलंही नाही. त्याच्या लेखी तो विनोद त्याच दिवशी संपला होता.

दुकानात तिची बसायची पद्धत बदलली. आधी ती गिऱ्हाइकाच्या पुढ्यात बसायची, कारण समोरून घेर सरळ दिसतो. आता ती मागून सुरुवात करायची. मान खाली घालावी लागू नये म्हणून हात लांब करून, चाचपत टाचायची. उंची कमीजास्त यायला लागली. मी इस्त्रीला कपडा घेतला की मला कळायचं, कारण चुण्या एका बाजूला झुकायच्या. मी गुपचूप परत तिच्याकडे सरकवायचे, ती गुपचूप उसवायची.

मग तिला ती पावडर मिळाली. काळी, अगदी बारीक, डबीतून भांगावर शिंपडायची. केसांना चिकटते आणि कातडी झाकते. खरंच झाकायची. पहिल्या दिवशी ती खोलीत आली तेव्हा मी पाहतच राहिले. कित्येक दिवसांनी ती शीळ घालत मशिनमध्ये दोरा ओवत होती. परत पुढ्यात बसून टाचायला लागली.

उन्हाळा होता. वरच्या मजल्यावरचा ए.सी. बिघडला होता, आणि एका मुलीच्या लग्नाच्या गाऊनचं शेवटचं माप होतं. मोत्याच्या रंगाचा गाऊन, मागे लांबच लांब घोळ. लग्न दुसऱ्या दिवशी. ट्रायल रूममध्ये मुलगी, तिची आई, मावशी, आणि फ्लोअरची मॅनेजर. दिवे डोक्यावर. टाचणी गाऊनभोवती सरकत होती आणि तिच्या कपाळावरून घाम निथळत होता. मुलीच्या आईनंच आधी पाहिलं. "हे काय पडतंय?"

गाऊनच्या पुढच्या भागावर काळे थेंब पडले होते. घामाबरोबर पावडर वाहून भुवयांवरून, नाकावरून खाली ओघळत होती. टाचणीला काही कळलंच नाही. तिनं आधी छताकडे पाहिलं, वरून काही गळतंय का म्हणून. मग मुलीनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती पटकन मागे सरकली. तेव्हा टाचणीला समोरच्या आरशात स्वतःचं तोंड दिसलं. काळे ओघळ, आणि वर उघडी पडलेली टाळू, गुलाबी, ओली.

तिनं तोंडातल्या टाचण्या एकेक काढून मनगटावरच्या उशीत खोचल्या. मग म्हणाली, "मी निघेल हे, निघेल." तिचं वाक्य धड जुळलंच नाही. हातानं पुसायला गेली आणि डाग आणखी पसरला.

तो भाग काढून नवा बसवावा लागला. दुसऱ्या एकीनं ते केलं, मी इस्त्री केली, गाऊन वेळेवर गेला. मुलीची आई मॅनेजरला एवढंच म्हणाली, "त्यांना बरं नसेल तर कामाला का लावता?" मॅनेजर वाईट बाई नव्हती. तिनं टाचणीला केबिनमध्ये बोलावून पाणी दिलं आणि म्हणाली, "काही दिवस खालीच काम करा. वर आपण नव्या मुलीला पाठवू." काही दिवस म्हणजे किती, हे कुणीच बोललं नाही. नवी मुलगी वर जायला लागली ती जातच राहिली.

टाचणी डोक्याला स्कार्फ बांधून तळघरात शिवत बसायची. आता टाचण्या ओठांत धरायची गरज उरली नव्हती. तरी नाव तेच राहिलं.

तिला डॉक्टरकडे नेलं तिच्या मुलीनं. पोरगी हट्टी होती. "आई, दात दुखला की आपण शेजारणीला विचारतो का? मग हेच का विचारायचं?" त्वचेच्या डॉक्टर एक मध्यमवयीन बाई होत्या, बोलणं सावकाश. त्यांनी डोक्यावर एक छोटं भिंग धरून बराच वेळ पाहिलं. थोडे केस चिमटीत धरून हलकेच ओढून पाहिले. पाळी नियमित येते का, वजन अचानक कमीजास्त झालं का, चेहऱ्यावर केस वाढलेत का, कुठली औषधं चालू आहेत, सगळं विचारलं. रक्त तपासायला पाठवलं, थायरॉइड आणि लोह. रिपोर्ट ठीक आले.

"मग मला झालंय काय?" टाचणीनं विचारलं.

"बायकांना टक्कल पडतं, पण पुरुषांसारखं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कपाळावरची ओळ राहते आणि भांग रुंद होत जातो. केस मुळासकट कायमचे निघून जातात असं नाही. ज्या मुळातून पूर्वी जाड केस यायचा, त्याच मुळातून आता बारीक आणि आखूड येतो. मग आणखी बारीक. शेवटी तो असून नसल्यासारखा. भिंगातून मला तेच दिसतंय. एका जागी जाड, बारीक, अगदी लवेसारखे, सगळे शेजारी शेजारी."

"पण का?"

"बहुतेक वेळा घराण्यातून येतं. आईकडून, वडिलांकडून, किंवा दोघांकडून थोडंथोडं. वयाबरोबर वाढतं."

"रबर घट्ट बांधायचे मी. आणि मध्ये धुतले नव्हते."

"त्यानं हे झालेलं नाही."

"काळजी करायचे फार."

"काळजीनंही केस गळतात, पण ते सगळीकडून गळतात आणि बहुतेक परत येतात. हे वेगळं आहे. तुम्ही काही केल्यामुळे हे झालेलं नाही."

ती मला सांगत होती तेव्हा या वाक्यापाशी थांबली. म्हणाली, "वाफारा, मला बरं वाटायला हवं होतं ना? मला रडू आलं. इतके दिवस वाटायचं, चूक सापडली की दुरुस्त करीन. उसवून परत शिवीन. आता चूकच नाही म्हटल्यावर उसवायचं काय?"

डॉक्टरांनी टाळूवर लावायचं एक पातळ औषध दिलं. तीन गोष्टी बजावून सांगितल्या. एक, हे रोज लावायचं आणि लावत राहायचं, सोडलं की जे कमावलं ते जातं. दोन, फरक दिसायला कित्येक महिने लागतात, आणि पूर्वीसारखे केस येतील असं समजू नका. आहे ते टिकलं तरी औषध लागू पडलं म्हणायचं. तिसरी गोष्ट अशी, की सुरुवातीच्या आठवड्यांत केस जास्त गळू शकतात. घाबरून बंद करू नका.

ती घरी आली आणि त्याच दिवसापासून औषध लावायला लागली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिची आई बहिणीच्या घरी न्हाणीत पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं.

या आईविषयी सांगायला हवं. म्हातारी डोक्याला कायम रुमाल बांधायची. घरात, दारात, झोपताना. गाठ हनुवटीखाली नाही, मागे मानेवर, घट्ट. पोरी लहान असताना त्यांचे केस ती विंचरून द्यायची, पण स्वतःच्या डोक्याला कुणाला हात लावू द्यायची नाही. न्हायला गेली की आतून कडी, आणि बाहेर यायची ती रुमाल बांधूनच. मुलींना वाटायचं, आईला थंडी बाधते. लहानपणापासून जे बघतो त्याविषयी कुणी प्रश्न विचारत नाही.

हॉस्पिटलात ऑपरेशनच्या आधी नर्स तिला तयार करायला आली. टाचणी उशाशी उभी होती. नर्सनं रुमालाच्या गाठीला हात घातला आणि जिला कूससुद्धा बदलता येत नव्हती त्या म्हातारीनं दोन्ही हातांनी नर्सचं मनगट धरलं. "नको. हे राहू दे. हे राहू दे."

"आजी, टोपी घालायची आहे. आत रुमाल चालत नाही."

"टोपी यावरून घाला."

नर्सला घाई होती. तिनं गाठ सोडली. म्हातारीनं नखं रोवली, नर्सच्या हातावर रक्त आलं. टाचणीनं आईचे हात धरले. नर्सला मदत करायला धरले, हे तिला पुढे फार लागलं. रुमाल निघाला आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा आपल्या आईचं डोकं पाहिलं.

कपाळावर पांढऱ्या केसांची एक बारीक ओळ, नीट जागच्या जागी. तिच्यामागे टाळू, शिखेपर्यंत, जवळजवळ उघडी. दिव्याखाली चकाकणारी. तिनं ट्रायल रूमच्या आरशात जे पाहिलं होतं, तेच, वीस-पंचवीस वर्षं पुढचं.

म्हातारीनं डोळे मिटून घेतले होते. टोपी चढेपर्यंत तिनं ते उघडले नाहीत.

ऑपरेशन झालं. म्हातारी वॉर्डात आली, पण उठली नाही. टाचणी रोज दुकान सुटलं की तिथे जायची. रुमाल परत बांधला होता, तिनंच बांधला होता. एका संध्याकाळी बहीण घरी गेली होती आणि शेजारची खाट रिकामी होती. म्हातारी आपणहून बोलायला लागली.

"तुझ्या बापानंही बघितलं नव्हतं."

"काय?"

"डोकं. अख्ख्या संसारात."

टाचणीनं तिचं पांघरूण सारखं केलं.

"थोरला गेला ना, तेव्हापासून सुरू झालं." टाचणीच्या आधी म्हातारीला एक मुलगा झाला होता. तो ताप येऊन तान्हेपणीच गेला होता. घरात त्याचा विषय निघत नसे. "ताप होता त्याला. मी दमले होते. मांडीवर घेऊन बसल्या बसल्या माझा डोळा लागला. जागी झाले तर संपलं होतं. त्यानंतर केस जायला लागले. मी समजले, हे कशाचं आहे ते. म्हटलं, हे मी झाकायचं आणि हे मी भोगायचं. कुणाला सांगायचं नाही."

आता टाचणीला वाटलं, आपल्याकडे या बाईला द्यायला काहीतरी आहे. कधी नव्हे ते. तिनं खुर्ची जवळ ओढली, आपला स्कार्फ काढला आणि मान वाकवली.

"आई, हे बघ. मलाही आहे. तसंच. मी डॉक्टरला दाखवलं. ही शिक्षा नाही गं. पाप नाही, काही नाही. घराण्यातून येतं. तुझ्या आईला असेल, तिच्या आईला असेल. थोरला गेला त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तुझा डोळा लागला त्याचाही नाही."

म्हातारीनं हात वर केला आणि तिच्या भांगावर बोटं ठेवली. बराच वेळ फिरवत राहिली, जसं लहानपणी उवा बघायला फिरवायची. टाचणीला वाटलं, समजलं तिला. आता ती सुटली.

मग म्हातारी म्हणाली, "म्हणजे हे तुला मी दिलं."

"तसं नाही, आई."

"घराण्यातून म्हणालीस ना."

"बाबांकडूनही येऊ शकतं. डॉक्टर म्हणाल्या."

"तुझ्या बापाचे केस मरेपर्यंत दाट होते."

टाचणी समजावत राहिली. कुणी कुणाला मुद्दाम देत नाही, डोळ्यांचा रंग येतो तसं ते येतं, असं जे जे सुचेल ते. म्हातारीनं बोटं काढून घेतली आणि तोंड भिंतीकडे केलं. इतकी वर्षं एका मुलाचा दोष तिनं स्वतःवर घेतला होता. आता दोघांचा झाला. "मी तिच्या छातीवरचा दगड उचलायला गेले, वाफारा," टाचणी मला म्हणाली, "आणि दुसरा ठेवून आले."

त्याच दिवसांत तिचे केस गळायला लागले. औषध सुरू करून काही आठवडे झाले होते. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तिला पाठ होतं, पण सांगणं वेगळं आणि सकाळी उशीवर बघणं वेगळं. न्हाणीच्या जाळीत गुंता अडकून पाणी तुंबायचं. ती हॉस्पिटलात आईच्या पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून तिला कुशीवर वळवायची आणि पांढऱ्या चादरीवर तिचे स्वतःचे केस पडायचे. म्हातारी ते बघायची. टाचणीला ते असह्य झालं. एका सकाळी तिनं बाटली उचलली आणि कचऱ्यात टाकली.

"डॉक्टरांनी सांगितलं होतं ना असं होईल म्हणून," मी म्हटलं.

"सांगितलं होतं. माझी आई ते मोजत बसेल, एवढं फक्त सांगितलं नव्हतं."

म्हातारीच्या छातीत कफ झाला. वयस्कर माणूस अंथरुणाला खिळला की होतं तसं. एका दुपारी ती गेली. त्या संध्याकाळनंतर तिच्याशी टाचणीचं या विषयावर दुसरं बोलणं झालं नव्हतं. म्हातारीनंच होऊ दिलं नव्हतं.

हॉस्पिटलातल्या बायांनी अंग पुसून दिलं. बहिणीनं घरून धुतलेले कपडे आणले. केस नीट करावेत म्हणून एका बाईनं रुमाल सोडायला हात पुढे केला. टाचणीनं तिला थांबवलं आणि सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. बहिणीलाही.

"ताई, मी का जाऊ? माझीही आई आहे."

"तुझीही आहे. पण तिनं तुला दाखवलं नाही ना. मग नको बघूस."

बहीण चिडून बाहेर गेली. टाचणीनं एकटीनं ओल्या फडक्यानं आईचं डोकं पुसलं. कपाळावरची ओळ विंचरली. मग स्वच्छ रुमाल घेऊन आई बांधायची तसाच बांधला, गाठ मागे मानेवर, घट्ट. लपवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, हे तिला आता ठाऊक होतं. पण लपवायचं की नाही हे ठरवणारी ती नव्हती.

बहीण त्या गोष्टीवरून कितीतरी दिवस बोलली नाही. शेवटी ती बोलली तेव्हा तिनं विचारलं, "रुमालाखाली काय होतं?" टाचणीनं सरळ सांगितलं. नकळत बहिणीचा हात स्वतःच्या भांगाकडे गेला.

डॉक्टरकडे टाचणी परत गेली तेव्हा बराच काळ मधे गेला होता. डॉक्टरांनी भिंग धरून पाहिलं. "मधल्या काळात पुढे गेलंय," त्या म्हणाल्या. "गेलेलं सगळं परत मिळेल असं मी म्हणणार नाही." रागावल्या नाहीत. तिनं औषध पुन्हा सुरू केलं. पुन्हा गळती झाली, या वेळी ती सोसून राहिली. पुढे गळती मंदावली. भांगाच्या कडेनं थोडी बारीक लव आली. लांबून काहीच फरक दिसत नाही. भिंगातून दिसतो, असं डॉक्टर म्हणतात. टाचणी त्यावर म्हणते, "मग गिऱ्हाइकांना एकेक भिंग वाटायला हवं."

वर मात्र ती परत गेली नाही. एकदा मॅनेजरनं विचारलंही होतं. टाचणी म्हणाली, नवी मुलगी चांगलं करते. खरं तर नवी मुलगी घेर तिरका टाचते, आम्ही दोघी खाली ते निस्तरतो. नवऱ्याला तिनं एक दिवस बसवून सगळं सांगितलं, आईचं सुद्धा. तो म्हणाला, "ते शाम्पूचं मी बोलायला नको होतं." तिला वाटलं होतं, तो ते विसरला असेल. हल्ली तो विनोद करत नाही. कधीकधी तिला वाटतं, करावा.

तळघरात वाफेनं जीव नकोसा होतो, म्हणून ती डोक्याचा स्कार्फ काढून बाजूला ठेवते. आम्हाला सवय झाली आहे. कुणी वरून कपडे घेऊन खाली आलं की तिचा हात स्कार्फकडे जातो. कधी बांधते, कधी नाही.

मुलीनं एकदा विचारलं, "आई, मलाही होईल का?"

हॉस्पिटलातली ती संध्याकाळ टाचणीच्या डोळ्यांपुढे आली. ती म्हणाली, "होऊ शकतं. होईलच असं नाही. झालं तर लवकर दाखवू."

"म्हणजे तू मला दिलंस, असं मी म्हणणार नाहीये, घाबरू नकोस," मुलगी म्हणाली. ती त्या संध्याकाळविषयी ऐकून होती.

पोरीचे केस आता तरी दाट आहेत. डॉक्टरांनी पाहून काही नाही म्हणून सांगितलंय. तरी संध्याकाळी मुलगी जमिनीवर अभ्यासाला बसते आणि टाचणी मागच्या खुर्चीवर काहीतरी शिवत असते, तेव्हा तिची नजर मुलीच्या भांगावर जाते आणि सुई थांबते. पाठ असूनही मुलीला ते कळतं. ती पुस्तकं उचलते आणि समोरच्या खुर्चीवर जाऊन बसते.